विहिरीचे पाणी आणि घरचे ताट : अवर्षणप्रवण महाराष्ट्रातील लघुसिंचन, स्त्रीश्रम व आहार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सिंचनाचा इतिहास बहुधा धरणे व कालवे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. विहीर, मोट, पाझर तलाव व लहान उपसा योजना यांची दखल घेतली गेली ती प्रामुख्याने भिजलेल्या क्षेत्राच्या हिशेबापुरती. त्या पाण्यामुळे शेतकरी स्त्रीच्या कामात कोणता बदल झाला आणि घरच्या ताटात काय आले, हा प्रश्न मागे राहिला. प्रस्तुत लेखात काही ऐतिहासिक टप्प्यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. पाणी आले की पोषण आपोआप सुधारते, हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पाण्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर पोषण बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे येथे मांडावयाचे आहे.

मोटेचा काळ

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात पावसाचे पाणी शेतात मुरावे यासाठी लहान बंधारे बांधावेत आणि त्या कामी लष्कर व पोलीस शिपायांचा उपयोग करावा, अशी सूचना केली होती. लघुसिंचनाचा विचार महाराष्ट्रात किती जुना आहे, हे यावरून दिसते. त्या काळी बागायत होती ती मुख्यतः मोटेवर. मोट हाकणे हे पुरुषाचे काम मानले जाई. वाफ्यांना पाणी देताना दारे धरण्याचे काम बहुधा स्त्रिया व मुले करीत. मोटेने दिवसभरात थोडेच क्षेत्र भिजे. परंतु पाटाच्या कडेला अळू, भेंडी, वाल, चाकवत असे माळवे लावण्यास वाव असे आणि ते विकण्याआधी घरच्या कालवणास येई. या व्यवस्थेत स्त्रीला मालकी नव्हती. तथापि पाण्याच्या वाटेवर तिचा वावर होता. जोंधळा-बाजरीच्या भाकरीला भाजीची जोड मिळण्यात त्या वावराचा वाटा होता.

इंजिन, वीजपंप आणि नगदी पीक

ऑईल इंजिन व पुढे वीजपंप आल्यावर बैलांचे व माणसांचे कष्ट कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. त्याबरोबर सिंचन हे यंत्र, कर्ज व वीजजोडणी यांच्याशी जोडले गेले. कर्ज जमिनीच्या तारणावर मिळे आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असे. परिणामी पंपाची कळ पुरुषाच्या हाती गेली. शेतीला वीज पाळीने, पुष्कळदा रात्री मिळू लागल्यावर पाणी देण्याच्या कामातून स्त्री आणखी दूर झाली.

तिचे एकूण काम मात्र घटले नाही. एका हंगामाऐवजी दोन-तीन पिके आल्याने खुरपणी, लावणी व काढणी वाढली आणि ही कामे स्त्रियांचीच राहिली. भिजणाऱ्या जमिनीवर ऊस, कांदा, द्राक्षे यांसारखी पिके आली. मटकी, हुलगा, तूर ही कडधान्ये कोरडवाहू तुकड्यांत सरकली. म्हशीची देखभाल स्त्रीने करावयाची व दूध डेअरीला घालावयाचे, ही रीत गावोगाव रुळली. घरात पैसा आला. परंतु डाळ, भाजी व दूध यांचा निर्णय चुलीपासून बाजाराकडे गेला.

दुष्काळ आणि समन्यायी वाटपाचे प्रयोग

१९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर होते व त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव ही कामे त्यांनी केली. पाझर तलावाचे पाणी उतरले ते खालच्या बाजूच्या विहिरींत, म्हणजे विहीर असणाऱ्यांच्या शेतात. तलाव खोदणाऱ्या भूमिहीन स्त्रीला मजुरी मिळाली, पाणी मिळाले नाही.

याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर एवढे द्यावे, भूमिहीनांनाही हक्क असावा, ऊस वर्ज्य असावा, ही त्याची सूत्रे होती. आहाराच्या दृष्टीने ही सूत्रे महत्त्वाची ठरतात. ऊस वगळला की थोड्या पाण्यात धान्य, कडधान्य व भाजीपाला यांना जागा मिळते. माणशी मोजणीत घरातील स्त्री व मुलगीही मोजली जाते. वाटपाचे एकक मात्र कुटुंबच राहिले.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील येरळा नदीवर १९८०च्या दशकात लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणाने भूमिहीनांसह सर्व कुटुंबांना समान पाण्याचे तत्त्व पुढे नेले. कुटुंबाच्या आतील प्रश्नाला अधिक थेट हात घातला तो शेतकरी संघटनेने. १९८६च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्ती मोहीम सुरू झाली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. जमीन नावावर आली, तरी तिला पाण्याची जोड मिळाली नाही तर तिचा उपयोग मर्यादित राहतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष

१९९४ची राज्य दुरुस्ती व २००५ची केंद्रीय दुरुस्ती यांमुळे हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा मिळाला. पत्नीला तो त्या कायद्यांनी मिळाला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष सिंचनपद्धतीवर टाकणे योग्य होणार नाही. तथापि, इतक्या विहिरी खणूनही हे चित्र राहते, तेव्हा केवळ भिजलेले क्षेत्र मोजून भागणार नाही. सातबारा व वीजजोडणी यांवर पत्नीचे नाव, भिजणाऱ्या जमिनीत घरच्या भाजी-कडधान्यासाठी राखीव वाफे आणि दिवसा वीज, या तीन गोष्टी वर वर्णिलेल्या इतिहासातूनच सुचतात.

दारे धरलेल्या, पाटाकडेला माळवे लावलेल्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. सरकारी दप्तरात त्यांच्या श्रमाची नोंद क्वचितच सापडते. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मौखिक साक्षी वेळीच नोंदविल्या, तर या विषयाचा आजवर न लिहिला गेलेला भाग लिहिता येईल.