काँग्रेस रेडिओ
भारत छोडो आंदोलनात मुंबईत चाललेले भूमिगत नभोवाणी केंद्र. ऑगस्ट १९४२ अखेरीस ते ४२.३४ मीटरवर सुरू झाले. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ते चालवीत. राममनोहर लोहियांचे पाठबळ होते. वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या चिमूर व आष्टी या गावांतील अत्याचारांच्या बातम्या येथून देशभर गेल्या, हे त्याचे मोठे कार्य. पोलीस प्रक्षेपणे टिपून घेत व शोधक गाड्यांनी रेडिओलहरींचा माग काढीत. त्यामुळे प्रक्षेपक वारंवार हलवावा लागे. अखेर फितुरीने घात केला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. टिपलेली भाषणेच खटल्यात पुरावा ठरली. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.