अस्थिर फीचर : पोस्टग्रेसमधील प्रकाशन-निर्णय

लिहून झालेले, पण अजून भरवशाचे न ठरलेले फीचर नव्या आवृत्तीत ठेवायचे, बंद ठेवून द्यायचे की काढून टाकायचे, याचा निर्णय. पोस्टग्रेसक्यूएल (रूढ नाव पोस्टग्रेस) या मुक्त-स्रोत डेटाबेसमध्ये तो नीट पाहता येतो, कारण तिथले वाद आणि माघार दोन्ही उघडपणे होतात.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. एप्रिलच्या सुमारास फीचर फ्रीझ होतो. त्यानंतर नवे घ्यायचे नाही, घेतलेले निस्तरायचे. मतभेद मिटले नाहीत, तर शेवटचा शब्द छोट्या रिलीज मॅनेजमेंट टीमचा. फ्रीझ हुकला की फीचर वर्षभर लांबते, त्यामुळे मार्चअखेरीस कमिटची (मूळ कोडमध्ये बदल दाखल करण्याची) झुंबड उडते. अर्धवट काम आत शिरते ते बहुधा याच दिवसांत.

ओळ असेल तर बदलणारी, नसेल तर घालणारी ‘मर्ज’ ही आज्ञा ११व्या आवृत्तीसाठी एप्रिल २०१८च्या आरंभी कमिट झाली. कोडच्या रचनेवरच आक्षेप आले आणि दहा-बारा दिवसांत ती काढली गेली. पुढे १५व्या आवृत्तीत (२०२२) ती नव्याने आली. माघार लवकर घेतली, म्हणून स्वस्तात पडली.

जेसन डेटा हाताळण्याच्या मानक वाक्यरचनेचे, एसक्यूएल/जेसनचे, तसे झाले नाही. मार्च २०२२मध्ये आलेले हे फीचर सप्टेंबरच्या आरंभी, १५वी आवृत्ती दीड महिन्यावर असताना, रिव्हर्ट करावे लागले. अडचण वरवर साधी होती : मजकुराचा आकडा होत नसेल, तर क्वेरी न थांबवता ‘नल’ द्यायचा. पण पोस्टग्रेसमधील रूपांतराच्या फंक्शनना त्या वेळी एरर फेकण्यापलीकडे काही येत नव्हते. ती एरर पकडायला अशा रूपांतराभोवती उप-व्यवहार उघडावा लागे. वेगही जाई आणि कोडही गुंते. दीड महिन्यात ठिगळ लावता आले असते, पाया बदलता आला नसता. शिवाय वाक्यरचना एकदा प्रकाशित झाली की लोक तिच्यावर ॲप्लिकेशन उभारतात, मग ती मागे घेता येत नाही. १६व्या आवृत्तीत आधी सौम्य एररची सोय झाली आणि काही भाग परतला. त्यातले जेसनचे तक्त्यात रूपांतर करणारे जेसन_टेबल १७व्या आवृत्तीत, २०२४ साली आले.

मधला मार्गही आहे. ११व्या आवृत्तीत क्वेरीतील पदावल्या यंत्रभाषेत उतरवणारे ‘जिट’ दिले, पण मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवले. १२व्या आवृत्तीत (२०१९) ते चालू झाले. आजही अनेक ॲडमिन ते बंद करतात, आणि तसे करता येते हेच त्या निर्णयाचे बळ. मात्र ज्याला बटणच नाही, त्याला हा मार्ग लागू पडत नाही.

१४व्या आवृत्तीतील (२०२१) एक सुधारणा अशीच, बटण नसलेली होती. काम न थांबवता इंडेक्स बांधला जात असताना व्हॅक्यूमने (निकामी ओळी साफ करणाऱ्या प्रक्रियेने) त्या व्यवहाराची वाट पाहू नये, एवढाच बदल. फीचर म्हणून कोणी त्याकडे पाहिलेही नसेल. परिणाम असा की काही ओळींच्या नोंदी इंडेक्समधून गळू लागल्या. एरर नाही, इशारा नाही. क्वेरीचे उत्तर तेवढे अपुरे. दोषांची संख्या मोजण्यापेक्षा दोष कोणाच्या लक्षात येईल, हा प्रश्न अधिक मोलाचा, तो यामुळे. जून २०२२मध्ये तिमाही वेळापत्रक मोडून १४.४ काढावी लागली आणि ती सुधारणा रद्द झाली. तरी खराब झालेले इंडेक्स त्याने दुरुस्त झाले नाहीत. ते तपासून ज्याचे त्याला पुन्हा बांधावे लागले.