शेक्सपिअरची आई खरंच त्या बड्या आर्डन घराण्यातली होती का?

इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यात विल्मकोट नावाचं गाव आहे. तिथलं लाकडी चौकटीचं एक जुनं घर शेक्सपिअरच्या आईचं, म्हणजे मेरी आर्डनचं माहेर म्हणून कित्येक पिढ्या दाखवलं जायचं. शेक्सपिअरचं जन्मस्थळ सांभाळणाऱ्या ट्रस्टने १९३० साली ते विकतही घेतलं. मग २००० साली जमिनीच्या जुन्या कागदांवरून कळलं, की हे घर शेजारच्या अ‍ॅडम पामरचं. मेरीचं माहेर बाजूलाच, ग्लीब फार्ममध्ये. नशीब, तेही ट्रस्टने आधीच घेऊन ठेवलं होतं!

एका घराची ही कथा, तर अख्ख्या घराण्याचं काय?

सुरुवात १०८६ पासून

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि जुन्या जमीनदारांच्या जमिनी आपल्या माणसांना वाटल्या. वीस वर्षांनी त्याने देशभरच्या जमिनींची मोजदाद करून घेतली, तीच 'डोम्सडे बुक'. गावात नांगर किती, गिरणी आहे का, उत्पन्न किती, सगळं त्यात आहे. राजाकडून थेट मोठी जमीन मिळालेले इंग्रज त्यात जेमतेम दोघं दिसतात. त्यातला एक वॉरिकचा थोर्केल. त्याचे वंशज पुढे तिथल्या जंगलपट्ट्यावरून 'आर्डन' म्हणवू लागले.

थोर्केलच्या बऱ्याचशा जमिनी लवकरच वॉरिकच्या अर्लकडे गेल्या आणि त्याचा मुलगा सिवर्ड अर्लचं कूळ बनला. इथेच शोधणाऱ्याची पंचाईत होते. एखादा जमीनदार वारला की त्याची जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय, याची राजाचे अधिकारी चौकशी करत. तेराव्या शतकापासूनच्या या वारस-चौकशांचे कागद आजही सापडतात. पण त्या मुख्यतः राजाकडून थेट जमीन धरणाऱ्यांच्या. मधल्या फळीतला माणूस मेला तर लंडनला त्याचं सोयरसुतक नसे.

मग उरतं काय?

जमिनीचे करार. ११९५ पासून राजाच्या कोर्टात झालेल्या जमीन-तडजोडी एकाच चामड्यावर तीनदा लिहायचे. दोन्ही पक्षांना एकेक प्रत, आणि तळातली तिसरी कोर्टाकडे. या तळाच्या प्रती हजारोंनी उरल्यात. बायकांची नावं सापडण्याची शक्यताही इथेच जास्त, कारण बायकोच्या माहेरची जमीन विकायची तर तीही करारात लागे.

जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी मात्र विसरा. चर्चमध्ये त्या ठेवायचा हुकूमच १५३८ सालचा. त्यात आडनावं सुरुवातीला पक्की नव्हती. माणसाने गाव बदललं की कागदातलं नावही बदलायचं. नुसतं 'आर्डन' दिसलं म्हणून भाऊबंदकी जोडली, तर फसलात.

मेरीची कडी कुठे तुटते?

तिचे वडील रॉबर्ट आर्डन. नोव्हेंबर १५५६ च्या मृत्युपत्रात त्यांनी विल्मकोटची 'अ‍ॅस्बीज' ही जमीन मेरीला दिली, आठ मुलींतल्या सर्वांत धाकटीला. त्याआधी १५०१ च्या स्निटरफिल्डच्या जमीन-खरेदीत रॉबर्ट आणि त्यांचे वडील थॉमस यांची नावं आहेत. सोबत सर रॉबर्ट थ्रॉकमॉर्टनसारखं बडं नाव. अशी संगत म्हणजे हे पार्क हॉलच्या श्रीमंत आर्डनांचेच भाऊबंद, असं काहींना वाटतं. पार्क हॉलवाल्यांची वंशावळ थोर्केलपर्यंत पोहोचते. थॉमसचा बाप कोण, हे सांगणारा कागद मात्र नाही. मला विचाराल तर संगतीवरून नातं ठरवणं जरा धाडसाचंच.

हा पेच तेव्हाही होता. १५९९ मध्ये शेक्सपिअर कुटुंबाने आपल्या कुलचिन्हाच्या ढालीत निम्म्या भागात आर्डनांचं चिन्ह घालायची परवानगी मागितली. कुलचिन्हं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांनी मसुद्यात आधी पार्क हॉलच्या आर्डनांचं चिन्ह काढलं, मग त्यावर काट मारली आणि शेजारी दुसऱ्याच एका आर्डन घराण्याचं काढलं. का, ते लिहिलेलं नाही. पार्क हॉलच्या एडवर्ड आर्डनला १५८३ मध्ये राजद्रोहासाठी देहदंड झाला होता, त्याचा संबंध काहीजण लावतात.

स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधल्या शेक्सपिअरच्या स्मारकावर आज फक्त शेक्सपिअरांचंच चिन्ह आहे. आर्डनांचा अर्धा भाग तिथे नाही.