पॉवर बँक

भ्रमणध्वनी व तत्सम उपकरणे वीजजोडणीपासून दूर असतानाही चार्ज करता यावीत, यासाठी विद्युत् ऊर्जेचा साठा बाळगणारे हस्तवाह्य साधन. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन विद्युत् घटावर त्याची सारी मदार आहे. निवड करताना ग्राहकाची गफलत होते ती वेष्टनावर ठळकपणे नमूद केलेल्या मिलिअँपिअर-तासांच्या आकड्याबाबत. कारण १०,००० हा आकडा घटाच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबाला धरून दिलेला असतो, म्हणजे साठा ३७ वॉट-तासांचा, आणि तोच ५ व्होल्ट दाबाने बाहेर काढला की ७,४०० उरून, रूपांतरात उष्णतारूपाने होणारी घट वजा जाता, फोनच्या पदरात साधारणतः सहा-साडेसहा हजारच पडतात. यास्तव बारीक अक्षरांत छापलेली प्रत्यक्ष उपलब्ध क्षमता आवर्जून वाचावी. ती जेथे छापलेलीच नाही, तो माल घेऊ नये.

जलद चार्जिंगची पद्धती फोन, पॉवर बँक आणि केबल या तिहींना समान मान्य असेल, तरच तिचा लाभ होतो. भारतात या साधनावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असणे सक्तीचे आहे. विमानप्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक केवळ हातसामानात नेता येते, आणि त्यावरील, १६० पर्यंतच्या बँकेस विमानकंपनीची मंजुरी लागते. फुगलेली पॉवर बँक मात्र क्षणभरही वापरू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावी.