इन्फ्ल्युएंझाची लस : एक टोंचणी, अनेक शत्रु

१९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबई बंदरांत उतरलेल्या इन्फ्ल्युएंझानें पुढें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या वेळीं रोगाचें खरें कारणच कोणास ठाऊक नव्हतें. १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं फेरेट नांवाच्या प्राण्याच्या साहाय्यानें त्याचा विषाणु वेगळा केला. १९४० सालीं अमेरिकेंत 'बी' जातीचा निराळा विषाणु सांपडला. एकाविरुद्धचें संरक्षण दुसऱ्यास चालत नाहीं. म्हणून १९४५ च्या अमेरिकन लशींत 'ए' व 'बी' हे दोन्ही घालण्यांत आले.

परंतु १९४७ सालीं तीच लस निष्प्रभ ठरली. कारण 'ए' विषाणूनें आपलें बाह्य रूप पालटलें होतें. शरीर विषाणूस त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून ओळखतें आणि त्या त्या रूपास अनुरूप अशीं प्रतिद्रव्यें निर्माण करतें. चोरानें वेष बदलावा आणि पहारेकरी फसावा, तसेंच हें!

यास्तव १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटना देशोदेशींच्या विषाणूंवर पाळत ठेवूं लागली. आज ती वर्षांतून दोनदां लशीचे घटक सुचविते. १९७८ पासून लशींत तीन, व २०१३ च्या सुमारास अनेक देशांत चार विषाणूंचे अंश आले. 'बी'ची यामागाता शाखा मार्च २०२० नंतर खात्रीपूर्वक आढळली नाहीं. म्हणून २०२३ सालीं ती वगळण्याची शिफारस झाली.

ही लस रोग सर्वस्वीं टाळतेच असें नाहीं. त्याची तीव्रता मात्र कमी करते. तथापि गतवर्षींच्या टोंचणीवर यंदा विसंबणें म्हणजे जुन्या पंचांगावरून नवा मुहूर्त काढण्यासारखेंच होय.