सहबहुवारिके : वितळण व स्फटिकीभवन

दोन किंवा अधिक एकवारिकांच्या जोडणीतून बनलेले बहुवारिक म्हणजे सहबहुवारिक. ते किती तापमानाला वितळेल आणि निवताना कितपत स्फटिकी होईल, हे दुसऱ्या घटकाच्या प्रमाणाइतकेच तो साखळीत कुठे बसला आहे यावर ठरते.

लांब रेणुसाखळ्या निवताना घड्या घालत पातळ पापुद्रे रचतात. चादरीत मध्येमध्ये गाठी असतील तर घडी आखूड घालावी लागते; तसेच येथे होते. परका घटक स्फटिकात मावला नाही की पापुद्रा पातळ राहतो, आणि पातळ पापुद्रा लवकर वितळतो. मात्र साऱ्या गाठी एकाच टोकाला असतील तर उरलेल्या चादरीची घडी नीट बसते. उदाहरणार्थ, पॉलिप्रोपिलीन सुमारे १६०–१६५ अंश सेल्सियसला वितळते. त्यात थोडे एथिलीन विखुरले तर हा बिंदू १४०–१५० पर्यंत उतरतो, पण तेच खंडशः जोडले तर फारसा हलत नाही. विखुरलेल्या रचनेतील ही घट पॉल फ्लोरी यांनी गणिताने मांडली.

  कापडाबाबत एक गल्लत नेहमी होते : टेरिकॉट हे सहबहुवारिक नव्हे, ते पॉलिएस्टर व कापूस यांच्या तंतूंचे मिश्रण आहे. त्यातला कापूस न वितळता करपतो, पॉलिएस्टर २५५–२६० अंशांच्या आसपास वितळते. दोघे आपापला स्वभाव सोडत नाहीत.

खरे सहबहुवारिक कापडगिरणीच्या रंगखात्यात भेटते. रंग तंतूच्या स्फटिकी भागात शिरत नाही, अस्ताव्यस्त भागातच शिरतो. साधे पॉलिएस्टर रंगवायला म्हणूनच दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावे लागते. साखळीत सल्फोनेट गट असलेला घटक दोन-तीन टक्के घातला की घड्या विस्कटतात, वितळबिंदू काही अंशांनी उतरतो आणि धनभारित रंगांना धरून ठेवणाऱ्या जागाही मिळतात. स्फटिकशास्त्राच्या दृष्टीने हा बिघाड; रंगाऱ्याच्या दृष्टीने सोय.

पाण्याच्या बाटलीच्या पॉलिएस्टरमध्येही थोडे आयसोफ्थॅलिक आम्ल असते. त्याने स्फटिकीभवन मंदावते, त्यामुळे साच्यातली जाड वस्तू निवताना पांढुरकी होत नाही. हेच आम्ल भरपूर वाढवले तर पॉलिएस्टर जवळजवळ अस्फटिकी होते. अशा पॉलिएस्टरचे आवरण चढवलेले तंतू सुमारे ११० अंशांनाच चिकट होतात आणि गादी-उशीच्या भरावातले बाकीचे तंतू एकमेकांना जोडून धरतात.