बर्फाच्या गावी जाताना

गेल्या आगोटीची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस नुकताच कोसळून गेला होता. संध्याकाळी मी ओटीवर बसलो असताना अलोऱ्याचे एक परिचित गृहस्थ छत्री मिटीत आत आले. कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले, सरळ, मोजके बोलणारे. चहा झाला तरी विषय निघेना. शेवटी म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. धाकटी अमेरिकेला शिकायला चालली आहे. सिरॅक्यूज म्हणून शहर आहे. तिथं म्हणे छातीइतका बर्फ पडतो. आनंदीबाई जोशी तिकडे गेल्या आणि त्यांचं काय झालं, ते आम्ही शाळेत शिकलोच की. मुलीला पाठवू का नको?"

मी इतिहास शिकवतो. बर्फ मी डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. जे ठाऊक आहे ते पुस्तकांतून आणि तिकडे गेलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून. पण प्रश्न नीट ऐकला तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न हवामानाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. म्हणून त्यांना जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिल्यांदा मी त्यांनाच उलट विचारले, "तुमचे वडील मूळचे माण तालुक्यातले ना? ते इकडे आले तेव्हा त्यांना इथल्या पावसाची कल्पना होती का?"

गृहस्थ हसले. म्हणाले, "कसली कल्पना! वडील सांगायचे, पहिल्या आषाढात त्यांना वाटलं, देव नळ बंद करायलाच विसरला. आठ दिवस सूर्य दिसला नाही. कपडे वाळेनात, चपलांना बुरशी आली. परत जायला निघाले होते. शेजारच्या म्हातारीनं इरलं दिलं, चुलीवर दोरी बांधून कपडे कसे वाळवायचे ते दाखवलं, आणि पावसाळ्याची बेगमी वैशाखातच करायची असते हे शिकवलं. मग राहिले ते कायमचेच."

श्रोतेहो, आपल्या अलोऱ्याचा इतिहास तो हाच. कोयनेच्या कामासाठी कुंभार्ली घाट उतरून देशावरची कितीतरी माणसे इथे आली. वीस इंच पावसाच्या मुलखातून सव्वाशे इंचांच्या मुलखात आली. त्यांनी पाऊस शिकून घेतला. बर्फही असाच शिकून घ्यायचा असतो.

आता थोडे गणित. शिक्षकमंडळींनी हे वर्गात फळ्यावर मांडावे. मुलांना गंमत वाटेल. ताजा भुसभुशीत बर्फ दहा इंच साचला आणि तो वितळवला, तर साधारण एक इंच पाणी होते. सिरॅक्यूज हे सुमारे दीड लाख वस्तीचे मध्यम शहर. तिथे एका हिवाळ्यात सरासरीने शंभर इंचांहून अधिक बर्फ पडतो. एकशेवीस धरू. त्याचे पाणी झाले बारा इंच. आपल्याकडे आषाढातली दोन दिवसांची मोठी झड एवढे पाणी सहज देऊन जाते! उलट आपला सव्वाशे इंच पाऊस बर्फ होऊन पडला असता, तर शंभर फुटांहून उंच थर साचला असता. नारळाची झाडे त्यात बुडाली असती. तेव्हा आकड्याला भिऊ नये. फरक इतकाच, की आपले पाणी वाशिष्ठीतून वाहून जाते आणि त्यांचे पाणी दारातच बसून राहते.

तो पडतो कसा, हेही आपल्याला परके नाही. मोसमी वारे समुद्रावरची वाफ घेऊन येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणात रिते होतात. सिरॅक्यूजच्या वायव्येला ऑन्टॅरिओ नावाचे समुद्रासारखे सरोवर आहे. कॅनडाकडून येणारा गोठलेला वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून जातो, वाफ उचलतो आणि काठ ओलांडला की ती बर्फ म्हणून टाकतो. म्हणूनच त्या पट्ट्यातील सिरॅक्यूज, रॉचेस्टर ही शहरे बर्फासाठी प्रसिद्ध आहेत.

आता आनंदीबाईंकडे वळू. कारण त्या गृहस्थांच्या मनातली खरी भीती तिथे होती.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ते घर प्रेमाचे आणि उबेचेही होते. पण त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि तिथला हिवाळा त्यांना भाड्याच्या खोलीत काढावा लागला. तिथली शेगडी नीट नव्हती. पेटवली की खोलीभर धूर कोंडे. न पेटवावी तर थंडी. धूर सोसा नाहीतर गारठा सोसा, असा पेच. अंगावर लुगडे. नऊवारी नेसण्यात कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पण लोकरी कपड्यांत पूर्णपणे शिरायला त्यांचे मन तयार नव्हते. जेवण शाकाहारी, तेही स्वतः रांधायचे आणि अभ्यास डोंगराएवढा. मध्यंतरी घटसर्पासारखे दुखणे येऊन गेले.

तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षअखेर त्या मायदेशी परतल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आपण सहज म्हणतो, 'परदेशच्या थंडीने बाईंचा बळी घेतला.' हे वाक्य तपासून पाहिले पाहिजे. क्षय थंडीने होत नाही. तो जंतूने होतो. रॉबर्ट कॉखने हा जंतू १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी, दाखवून दिला होता. त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला मात्र १९४३ साल उजाडावे लागले. मग थंडीचा वाटा काय? धुराची खोली, अपुरे अन्न, अपुरे कपडे, अतिश्रम आणि सारे मुकाट्याने सोसायची सवय. यांनी शरीर झिजले की रोगाला दार उघडे मिळते. बर्फ दाराबाहेर होता. घात झाला तो दाराच्या आत.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटले, "मुलीला बर्फाचं विचारू नका, खोलीचं विचारा. खोली उबदार राहते का? खिडकीच्या फटी बंद आहेत का? उबेचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा? न्यूयॉर्क राज्यात आज असा कायदा आहे, की थंडीच्या महिन्यांत भाड्याचं घर उबदार ठेवणं ही मालकाची जबाबदारी. आनंदीबाईंना ज्याची सोय नव्हती, ते तुमच्या मुलीला हक्कानं मागता येतं. पण मागितलं पाहिजे. आपल्या मुलींना आपण सोसायला शिकवतो. मागायला शिकवत नाही. तेवढं जाण्यापूर्वी शिकवा."

दुसरे उदाहरण ज्ञानकोशकार केतकरांचे. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेला गेले ते इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात. हे इथाका सिरॅक्यूजपासून मोटारीने तासा-सव्वातासाच्या वाटेवर आहे. थंडी तीच, बर्फही तसाच. तिथे हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला, १९११ साली डॉक्टरेट मिळवली, आणि परत येऊन मराठीला तेवीस खंडांचा ज्ञानकोश दिला. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले आणि पुढे १९२९ साली रशियात लेनिनग्राडला. तो तर अमेरिकेहूनही कडक हिवाळ्याचा मुलूख. तेव्हा बर्फातून परतलेल्या माणसांचीही यादी आपल्यापाशी आहे. शाळेत एकीचीच गोष्ट सांगतो आणि तीही अर्धी, हा दोष आपला.

तिसरा टप्पा १९६५ नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेने आपला प्रवेशाचा कायदा बदलला आणि आशियातल्या डॉक्टर-इंजिनियरांना दार खुले झाले. आता एकटा विद्यार्थी नव्हे, कुटुंबेच्या कुटुंबे गेली. शिकागोला १९६९ साली महाराष्ट्र मंडळ निघाले. १९८१ साली उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. या मंडळांचा हिवाळ्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. फार जवळचा आहे. संक्रांतीचा तिळगूळ बाहेर बर्फ पडत असताना दिवाणखान्यात वाटला जातो, तेव्हा तो केवळ सण नसतो. चार वाजता अंधारणाऱ्या दिवसांत माणसाने माणसाकडे जाण्याचे ते निमित्त असते.

अंधाराचे हे मात्र आधीच सांगून ठेवावे. बर्फाची तयारी सगळे करतात, अंधाराची कुणी करीत नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, तिथे जेमतेम नऊ तासांचा. सूर्य साडेसातला उगवतो, साडेचारला मावळतो, आणि मधल्या वेळात आभाळ बहुधा भरलेलेच. जानेवारी उजाडता उजाडता नव्या माणसाला कारणाशिवाय रडू येते, अभ्यास नकोसा होतो. ही नालायकी नव्हे. हा उजेडाचा तुटवडा आहे. दुपारी अर्धा तास बाहेर चालणे, माणसांत बसणे, आणि तरीही जमले नाही तर विद्यापीठाच्या डॉक्टरांना सांगणे, हा त्यावरचा उपाय. घरच्यांनीही फोनवर 'अभ्यास कसा चाललाय?' एवढेच विचारू नये. 'आज बाहेर गेली होतीस का?' हेही विचारावे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. मोठ्या महानगरात दर पाच मिनिटांनी गाडी मिळते. मध्यम शहरात बस चुकली तर थंडीत ताटकळावे लागते. म्हणून पहिल्या वर्षी खोली शाळेपासून पायी जाता येईल अशी घ्यावी, दोन पैसे जास्त पडले तरी. जाड कोट इथून नेऊ नये, तो तिथे चांगला मिळतो. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण मधली हवा ऊब धरून ठेवते. आपली घोंगडी याच न्यायाने उबदार असते. सुती कपडा भिजला की गारठवतो. अंगालगत तो नको. पायांत जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट. नेलेले खोबरेल बाटलीत दगडासारखे थिजेल, त्याला बिघडले समजू नये. घरातली ऊब हवा कोरडी करते, ओठ फुटतात, नाकातून कधी रक्त येते; पाणी पीत राहावे.

चालण्याचे मात्र कोकणच्या मुलीला शिकवायला नको. शेवाळलेल्या पाखाडीवरून भर पावसात डोक्यावर ओझे घेऊन उतरणारी आपली माणसे. छोटी पावले, गुडघे सैल, हात खिशाबाहेर. बर्फावरचा नियम हाच. रस्त्यावर तिथे मीठ टाकतात. मिठाने पाणी शून्य अंशाखालीही पटकन गोठत नाही. आणि योगायोग असा, की सिरॅक्यूज हे शहर वाढले तेच मुळी मिठागरांवर. तिथल्या खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ काढीत. त्याला मिठाचे शहर असेच नाव पडले होते.

एका गोष्टीला मात्र भ्यावे. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो शहरात मोठे हिमवादळ झाले. चाळीसहून अधिक माणसे दगावली; कुणी अडकलेल्या गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी ऊब बंद पडलेल्या घरात. बर्फाने धुराची नळी बुजलेली असताना गाडी चालू ठेवली, तर विषारी वायू आत भरतो आणि माणूस झोपेतच जातो. बाहेर पडू नका असा इशारा आला, की पडू नये. परीक्षा असो, नोकरी असो. हे चिपळूणच्या माणसाला समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ चा पूर आपण पाहिला आहे. 'पाणी एवढं काही चढत नाही' म्हणणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहिले आहे.

एवढे सगळे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग म्हणाले, "म्हणजे सर, आमच्या वडिलांना जशी ती म्हातारी भेटली, तशी तिला तिथं कुणीतरी भेटायला हवी."

मी म्हटले, "हो. आनंदीबाईंना कार्पेंटर मावशी भेटल्या होत्या. आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा या मावशींकडे पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. बर्फाच्या मुलखानं आपल्या मुलीला घरचं माणूस मानलं, त्याची ती खूण आहे. पण मावशी शोधायला दार ठोठावावं लागतं. तुमच्या वडिलांनीही शेजारणीचं दार ठोठावलंच असेल."

श्रोतेहो, ती मुलगी श्रावणात गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी भेटायला आली होती. तिने खोलीच्या मालकिणीला पत्र लिहून उबेबद्दल चार प्रश्न विचारले होते. तीन उत्तरे पटली, चौथे पटले नाही, म्हणून तिने ती खोली सोडून दुसरी घेतली. हे सांगताना तिला थोडा संकोच वाटत होता. मला मात्र वाटले, आनंदीबाईंची गोष्ट या मुलीने पुरती वाचली.